न मोजलेला ट्रे

पेनाचं टोपण घरंगळत रॅकखाली गेलं. ते काढायला मोजणीबाई गुडघे टेकून फरशीवर ओणवी झाली, तेव्हा सगळ्यात खालच्या फळीवर, पार मागे, भिंतीला पाठ लावून बसलेला ट्रे तिला दिसला. ट्रे पिवळा होता. एकूणएक रोपं फुललेली. काही तर फुलून, गळून, शेंगा धरून मोकळी झालेली. गळलेल्या पाकळ्या ओल्या प्लॅस्टिकला चिकटून मऊ पडल्या होत्या, त्यांच्यावर हिरवट बुळबुळीत शेवाळ चढलं होतं, आणि त्या राड्यातून इवल्याशा काळ्या माश्या चक्क पायी चालत होत्या, उडायचाही कंटाळा आल्यासारख्या. वास आला. झाकण घालून विसरलेल्या भांड्याचा येतो तसा. तोंडात पाणी जमलं, ते गिळायचीही किळस वाटली म्हणून ती तशीच ओणवी राहिली. ट्रेच्या कडेला खोचलेल्या पट्टीवरचं अक्षर तिचंच होतं. बियाणं तेच, पेरल्याची तारीख तीच, आकडा चाळीस. वरच्या फळ्यांवरच्या एकोणचाळीस ट्रेंमधली याच बियाण्याची सख्खी भावंडं अजून हिरवीगार, गुमान पानं काढत बसली होती. चाळिसावा ट्रे साहेबांनी कुणाला तरी दाखवायला नेला असेल असं ती महिनाभर धरून चालली होती, आणि तो इथे, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर, तिला न विचारता आपला संसार उरकून बसला होता.

मोजणीबाईचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. अकरा वर्षं ती पानं मोजत होती. आधी कुणीतरी टवाळीनं दिलेलं हे टोपणनाव पुढे दरारा म्हणून टिकलं. खोली नंबर चारची थंडी अशी की आत शिंकलेली शिंक बाहेर येऊन ऐकू यावी. त्या थंडीत पांढऱ्या नळ्यांच्या उजेडाखाली ती रोज सकाळी उभी राहायची आणि प्रत्येक रोपाचं प्रत्येक पान डाव्या हाताच्या तर्जनीनं किंचित उचलून, खालचं दडलेलं पान बघून, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायची. रोज दोन हजारांवर पानं. पानं मोजायची अशासाठी, की रोपाचं वय दिवसांवर नाही, पानांवर ठरतं; फूल यायच्या आधी त्यानं किती पानं काढली यावर ते किती वेळ थांबलं ते कळतं. आणि थांबणं हाच तर सगळा खटाटोप होता. पाणी तुटलं की रोप घाबरतं. झाडाला डोकं नसतं पण भीती असते, आणि भ्यालेलं झाड पळू शकत नाही म्हणून फुलतं. मरायच्या आत चार बिया टाकून जावं एवढाच त्याचा हिशेब. पानात निरोप तयार होतो, देठातून चढत शेंड्याला पोचतो, आणि पोचला की जिथे पान यायचं तिथे कळी येते. त्या निरोपाच्या वाटेवर एक जनुक पहाऱ्याला बसलेलं असतं. सुकाळात ते इमानदार. दुष्काळ पडला की पहिलं तेच पळ काढतं. साहेबांनी काय केलं, तर त्या पहारेकऱ्याला खुर्चीला बांधून टाकलं. पाणी तोडा, ऊन तापवा, तो हलायचा नाही, निरोप पुढे जायचा नाही, आणि रोप निमूटपणे पुढच्या पावसाची वाट बघत राहील. साधी रोपं तहानेनं एकतिसाव्या दिवशी फुलायची, साहेबांची सेहेचाळिसाव्या. या पंधरा दिवसांवर साहेबांचे केस पिकले, दोन मोठे अहवाल निघाले, आणि गळिताच्या या पिकाचं बियाणं आज संध्याकाळी दोन गाड्यांत भरून तीन कोरड्या खोऱ्यांकडे निघणार होतं. पोत्यागणिक एक छापील कागद होता: पहिल्याच सरीवर पेरा, महिनाभर आधी, रोप दुसऱ्या पावसासाठी थांबेल. चार वाजता समिती बसणार होती. समितीची सही झाली की फाटक उघडायचं.

"मामा," ती झारीमामांना म्हणाली, "हा ट्रे इथे कुणी ठेवला?" झारीमामा म्हणजे पाणी घालणारे, सेवेत इतके जुने, की इमारत आपल्यानंतर बांधली असं सांगायचे आणि नवी माणसं विश्वास ठेवायची. "मीच ठेवला. फळ्या पुसल्या ना त्या दिवशी. मग राहिला." "पाणी?" "घातलं की. सगळ्यांना अर्धं माप, त्यालाही अर्धं. मला काय, तहान सगळ्यांची सारखीच." "उजेड?" "वर नळी आहे की, बघा ना. फळी तीच, नळी तीच, गारठा तोच." "मग हा फुलला कसा?" झारीमामा वाकले, गुडघ्याचा कडकन आवाज झाला, ट्रेकडे बघून ते खूश होऊन हसले. "छान फुललाय." "मामा!" "अहो बाई, त्याला तुमचा हात नाही लागला. दुसरं काय? आमची ही दूध तापायला ठेवते आणि दर मिनिटाला झाकण काढून बघते. तापतंय होय ते? मी म्हणतो, अगं बये, त्याला जरा एकटं सोड, त्यालाही लाज आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुसखुसत ते झारी भरायला गेले. ती मात्र तिथेच. गंमत अशी की ते तिला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी, शिकत असताना, एका कंटाळवाण्या दुपारी वाचलेलं: रोज पान वाकवलं, साधं बोटानं हलवलं, तरी रोपाला तो धक्का असतो, वाढीचा रस आटतो, रोप खुजं राहतं, फूल लांबतं. वाचलं, खूण केली, परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. आणि साध्या रोपांना? साध्या रोपांना तिनं कधी हात लावला नव्हता. त्यांच्यात कुणालाच रस नव्हता; त्यांच्या डोक्यावर कॅमेरा बसवला होता, तो दिवसातून एकदा डोळा मिचकावायचा आणि पानं मोजायचा. साहेबांच्या रोपांसाठी मात्र तिनं हट्टानं कॅमेरा नाकारला होता. यंत्राला दडलेलं पान दिसत नाही, म्हणाली होती. माझं बोट चुकत नाही, म्हणाली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पंधरा दिवस. खुर्चीला बांधलेला तो पहारेकरी केव्हाच दोर सोडून पसार झाला असणार. अकरा वर्षं रिकाम्या खुर्चीपुढे दार अडवून कोण उभं होतं, तर ही तर्जनी.

तिनं बोट डोळ्यांपुढे धरलं. टोकाची कातडी जाड, पिवळट, भेगाळलेली. भेगांत हिरवा मळ, तो कुठल्याच साबणानं निघायचा नाही. बेसिनकडे जाऊन तिनं हात धुतला, परत धुतला, नखाखाली ब्रश घातला. पाण्याच्या धारेखाली ते बोट तिला दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं, आणि कुणाचं तेही कळलं. आत्याचं. आई अंथरुणाला खिळलेली असताना वडिलांची थोरली बहीण घर चालवायला आली आणि घराबरोबर या दोघी बहिणींनाही चालवायला लागली. थोरली, म्हणजे ही, अशक्त, म्हणून थोरलीची काळजी. दर रविवारी डोकं धुतल्यावर आत्या तिला दाराच्या चौकटीला ताठ उभी करायची, डोक्यावर वही ठेवून पेन्सिलीची रेघ मारायची, आणि मग दंड चिमटीत धरून मांस आलं का बघायची. रविवारची रेघ, चिमटी मात्र रोजची. येता-जाता दंड, गाल, मानेचं हाड. आत्याच्या हाताला दुखण्यावरच्या मलमाचा उग्र वास असायचा. "अजून तेवढीच गं बाई! खातेस ते जातं कुठे?" ती अंग चोरायची, तर "काळजी वाटते म्हणून बघते हो, मला काय हौस आहे?" चौकटीवरच्या रेघा एकमेकींवर चढून एकच जाड काळा पट्टा झाला होता. धाकटीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. धाकटी जिन्याखाली, गच्चीत, शेजाऱ्यांच्या घरात. ती जेवली की नाही हेही कुणाच्या ध्यानात नसायचं. आणि एका उन्हाळ्यात धाकटी अशी सपाट्यानं वाढली की दाराला वाकून जायला लागली. आत्यानं चष्मा पुसून पुसून पाहिलं, म्हणे ही कोण पाहुणी आली? पुढे धाकटी मनानं शिकली, मनानं लग्न केलं, दूर गेली, तिकडून खदाखदा हसत फोन करायची. थोरलीचं सगळं उशिरा. बोलणं उशिरा, नोकरी उशिरा, लग्न उशिरा, मूल तर इतकं उशिरा की दवाखान्यातल्या परिचारिकेनं आजी का म्हणून विचारलं. आत्या सगळ्यांना सांगायची, एवढं लक्ष दिलं म्हणून तर निभावली. आणि तिनं ते खरं मानलं होतं, हेच आता घशाशी आलं. त्या हाताबद्दल ती कृतज्ञ राहिली होती. इतकी, की तोच हात तिनं स्वतःच्या मनगटाला जोडून घेतला आणि त्यालाच पुढे अचूकपणा म्हणायला लागली. आज सकाळीच, नऊ वर्षांच्या लेकीचं कपाळ चाचपून, गळा बघून, वही उलटून, डबा हुंगून झाल्यावर ती पुन्हा केसांत हात घालत होती, तेव्हा लेक दप्तर पाठीला लावता लावता म्हणाली होती, "आई, हात काढ ना." रागानं नाही. माशी हाकलावी तसं.

साहेब त्यांच्या खोलीत चहात बिस्कीट बुडवत होते. तिनं ट्रे आणून टेबलावर ठेवला. त्यांनी ट्रेकडे, मग पट्टीकडे, मग तिच्याकडे पाहिलं. अडाणी माणूस नव्हे. अर्ध्या मिनिटात त्यांना सगळं समजलं, हे त्यांच्या मानेवर चढलेल्या लालीवरून दिसलं. तेवढ्यात बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग चहात गळून पडला. "आजच, बाई? अकरा वर्षांत दुसरा दिवस सापडला नाही?" "मला आज दिसला." "दिसला तर परत डोळे मिटायचे. एक ट्रे. एका ट्रेनं काय होतं? बियाणं बदललं असेल." "पट्टी माझ्या अक्षरातली आहे, साहेब. बियाणं मी मोजून घातलं." "तुमचं हे मोजणंच नडलं," ते हसले, आणि हसणं अर्ध्यावरच थांबवून पुढे झुकले. "आणि समजा असेल तसं. हात लावल्यानं थांबतात ना? मग शेतात वारा नाही? वारा दिवसभर हात लावतो. तुमच्यापेक्षा जास्त लावतो! उलट अजून थांबतील." असं त्यांचं डोकं. खड्ड्यात पडले तरी तिथे विहीर खणून पाणी दाखवणारा माणूस. क्षणभर ती गोंधळली; तिला ते हवंसं वाटलं, त्या वाऱ्याला धरून लोंबकळावंसं वाटलं, कारण या पंधरा दिवसांखेरीज तिचं असं म्हणता येईल असं तिच्याकडे दुसरं काय होतं? मग ती म्हणाली, "वारा साध्या रोपांनाही लागेल. दोन्ही सारखीच थांबतील. मग आपल्या जनुकानं काय केलं?" साहेबांनी ट्रेवरची पट्टी उपसून पालथी घातली. "आणि त्या कागदावर महिनाभर आधी पेरा म्हटलंय. पहिल्या सरीवर उगवतील, मधल्या उघडिपीत घाबरतील, फुलतील, आणि दुसरा पाऊस येईल तोवर शेंगांत नुसती पापडी असेल. तीन खोऱ्यांत." साहेबांनी दोन बोटं चहात घातली आणि तो विरघळलेला लगदा शोधून बाहेर काढला, क्षणभर तो कुठे ठेवावा ते कळेना म्हणून तोंडात टाकला. ओठाच्या कोपऱ्यात थोडा राहिला, बोलताना हलत राहिला. "तुम्हाला बोलायचं तर बोला," ते म्हणाले, "मी अडवणार नाही. पण अकरा वर्षं तुमचीही आहेत. उद्या या खोलीत तुम्हाला कुणी पानं मोजायला ठेवणार नाही. घरी बसून काय मोजाल?" त्या ओठावरच्या तुकड्यापलीकडे तिला काही दिसत नव्हतं. पुसा ना ते, एवढंच तिला ओरडायचं होतं. सेवेची वर्षं, तीन खोरी, सगळं त्या लगद्याएवढं होऊन तिथे चिकटलं होतं.

चार वाजता सभेच्या खोलीत गुच्छ होते. प्रत्येक खुर्चीपुढे एक, कचकचीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. लोक फुलं का देतात एकमेकांना? तिला प्रथमच प्रश्न पडला. ही तर सगळी भ्यालेली तोंडं. कापताना, तोडताना, अंधाऱ्या खोक्यांत भरताना उघडी राहिलेली. परागाची पिवळी भुकटी टेबलाच्या पांढऱ्या कापडावर सांडली होती, चिकट, अंगातून गळाल्यासारखी. एका सदस्याची बाही त्यात घासून पिवळी झाली आणि त्याला पत्ता नव्हता. समितीत चार पुरुष होते आणि अध्यक्षा म्हणून एक म्हाताऱ्या बाई. म्हातारी काडीएवढी, कानाचं यंत्र कडीएवढं. ते मधूनच बारीक शिट्टी मारायचं आणि चारी पुरुष आपापले फोन चाचपायचे. साहेब बोलले. छान बोलले. पहारेकरी, खुर्ची, दोर, सगळं आलं. पडद्यावर दोन आलेख चढले, एक एकतीसला, एक सेहेचाळीसला. "आणि हे ज्यांच्या हातांमुळे शक्य झालं," साहेब म्हणाले आणि तिच्याकडे न बघता तिच्या दिशेनं हात केला, "त्या आमच्या मोजणीबाई." टाळ्या पडल्या. ती उठली. बोलायला शब्द जमवून ठेवले होते, ते एकाएकी विटलेल्या दुधासारखे फुटले, आणि तोंडातून जे आलं ते असं: "खरंच हातांमुळे शक्य झालं. माझा हात लागला नाही तर ही रोपं साध्यांसारखीच एकतिसाव्या दिवशी फुलतात." पिवळ्या बाहीवाला सदस्य कौतुकानं हसला, त्याला वाटलं, विनय. मग तिनं सांगितलं. ट्रे, फळी, कॅमेरा, बोट. सांगताना वर बघितलं नाही. हसू एकेका चेहऱ्यावरून उतरत गेलं असावं, कारण शेवटी खोलीत नुसती कानाच्या यंत्राची शिट्टी ऐकू येत होती.

"एकाच ट्रेवरून सांगताय?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज कोरडा, वाईट नव्हे. "हो." "याआधी कधी झालं होतं असं? मोजायची राहून गेलेली रोपं?" साहेबांनी मान उचलली. त्यांच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसलं की त्यांना काहीच माहीत नाही. झारीमामा सोडले तर कुणालाच माहीत नव्हतं, आणि झारीमामांना कधी कुणी विचारत नव्हतं. नाही म्हणायला जीभ टाळूला लागलीसुद्धा, आणि जे चार वर्षं तिनं स्वतःलाही नीट बघू दिलं नव्हतं ते तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. आत्या शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा ही तेवीस दिवस रुग्णालयात बसून होती. आत्या बेशुद्धीतही तिचा दंड चाचपायची आणि ती चाचपू द्यायची. क्रियाकर्म आटोपून सकाळी खोली नंबर चारचं दार उघडलं तर सगळी खोली पिवळी. चाळीसच्या चाळीस ट्रे. असा पिवळा उजेड, की समोरच्या काचेत तिचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसला. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. हीच त्यातली सगळ्यात घाण गोष्ट. तिला कळलं होतं, तिथल्या तिथे, उंबऱ्यावरच. आणि कळल्याबरोबर तिनं बाह्या वर सारल्या, मुठीमुठीनं रोपं उपटली, काळ्या पिशव्यांत कोंबली, तुटलेल्या देठांचा रस कोपरापर्यंत ओघळला, आणि नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, थंडीचं यंत्र बिघडल्यामुळे तुकडी बाद. दुसऱ्या दिवशी नवं बी पेरलं आणि बोट पुढे केलं.

"झालं होतं," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी. तेवीस दिवस मी नव्हते. सगळी फुलली. मी ती उपटून टाकली आणि यंत्र बिघडलं असं लिहिलं." "आणि यंत्र?" "यंत्र धडधाकट होतं." साहेब खुर्चीत मागे टेकले, हळूच, कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे रेटल्यासारखे. पुरुष सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी सहीचा कागद दोन बोटांनी आपल्यापासून दूर सारला. "गाड्या आत घ्या म्हणावं फाटकावरून. पोती उतरवा. छापलेले कागद एकूणएक मोजून परत..." आणि 'मोजून' या शब्दापाशी किंचित थबकून त्या उठल्या. दाराकडे धावपळ झाली, कुणाचा तरी गुच्छ खाली पडला, कुणीतरी त्याच्यावर पाय दिला. मोजणीबाई उभीच होती. सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. फक्त ओकारीच्या आधी तोंड कडू होतं तशी कडवट चव, आणि ओकारी येत नव्हती. अध्यक्षा टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन थांबल्या. खालून वर तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "यंत्राचं का लिहिलंत? नोकरी जाईल म्हणून?" तिनं नकारार्थी मान हलवली. काहीतरी पुटपुटली. म्हातारीनं कानाच्या यंत्रावर बोट ठेवलं, ते करकरलं. "मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही." खोलीतले सगळे थांबले, दारातले वळले, साहेबांनीही वर पाहिलं.

"मी नव्हते तरी ती फुलली," मोजणीबाई ओरडली, "ते मला बघवलं नाही."